नायट्रोजन जनरेटर थांबत नाही, शुद्धता चढत नाही: ड्राय पाइप स्प्रिंकलरवरची नेहमीची तक्रार

"साहेब, मशीन बसवून चार महिने झाले, पण ते थांबतच नाही. पॅनलवर ९८ दाखवतंय, टोकाला मीटर लावला तर ९१. आणि परवा पाइपाला पुन्हा भोक पडलं. पैसे पाण्यात गेले का?"

हा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. मशीन म्हणजे हवेतून नायट्रोजन वेगळा काढून स्प्रिंकलरच्या पाइपात भरणारा जनरेटर, आणि ९८, ९१ हे नायट्रोजनच्या शुद्धतेचे टक्के. कधी तळोज्यातून, कधी महाप्यातून, कधी चाकणहून. शीतगृह असेल तर ड्राय पाइप सिस्टिम, डेटा सेंटर असेल तर प्री-ॲक्शन (आगीचा सेन्सर वाजल्यावरच पाइपात पाणी सोडणारी), तक्रार मात्र तीच. पैसे पाण्यात गेलेले नसतात. मशीनही बहुतेक वेळा ठणठणीत असतं. पाइपांची गळकी जाळी तशीच ठेवून तिच्या तोंडाला नवं मशीन जोडलेलं असतं, दुखणं तिथे असतं. मी ज्या क्रमानं तपासतो तो क्रम खाली देतोय. उदाहरण तळोज्यातल्या एका मासळीच्या शीतगृहाचं आहे, नाव सांगत नाही.

ज्यांचा या सिस्टिमशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उणे २० अंशांच्या चेंबरमध्ये पाण्यानं भरलेला पाइप ठेवता येत नाही, गोठून फुटेल. म्हणून पाइपात हवा भरून ठेवतात आणि पाणी बाहेर ड्राय पाइप व्हॉल्व्हपाशी अडवतात. नेहमीच्या डिफरेन्शियल व्हॉल्व्हमध्ये एक बार हवा साधारण साडेपाच-सहा बार पाणी थोपवून धरते. आग लागली, स्प्रिंकलर उघडला, हवा निसटली, की आतली झडप उघडते आणि पाणी धावतं. कॉम्प्रेसरचं काम दाब राखण्यापुरतं.

घोळ त्या हवेत आहे. तिच्यात २१ टक्के ऑक्सिजन असतो, आणि आमच्या खाडीकाठच्या हवेत ओलावा भरपूर. चाचणीनंतर पाइपात थोडंफार पाणी राहतंच. त्या पाण्याच्या काठाकाठानं लोखंड खाल्लं जातं, भोक पडतं, हवा निसटते, कॉम्प्रेसर सुरू होऊन ताजा ऑक्सिजन आत ढकलतो, पुढच्या भोकाची सोय होते. या शीतगृहातला चार इंची पाइपाचा काढलेला तुकडा आम्ही उभा चिरून पाहिला. वरचा भाग जवळजवळ नवा. खालच्या तिसऱ्या हिश्शात पाण्याची रेघ स्पष्ट, आणि त्या रेघेवर नारिंगी-तपकिरी फोड ओळीनं बसलेले. एक फोड स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तर टोक पलीकडे गेलं. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप टाकला म्हणून निर्धास्त राहू नका. जस्ताचा थर जिथे सुटतो तिथेच गंज एकवटतो, आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पाइपाला सुई टोचल्यासारखं भोक पडतं.

ऑक्सिजन काढून घेतला की हे चक्र तुटतं. ९८ टक्के नायट्रोजन टिकला तर गंज अगदी मंदावतो, आणि वायू कोरडा असल्यानं फ्रीझरमध्ये पाइपात बर्फाचा बोळा बसायची भीतीही कमी होते. एनएफपीए १३ (स्प्रिंकलर बसवण्याचं अमेरिकन मानक) च्या अलीकडच्या आवृत्त्या तर ठरावीक अटींवर पाण्याच्या दाबाच्या हिशेबात काळ्या, म्हणजे जस्त नसलेल्या, पाइपाचा सी-फॅक्टर (पाइप आतून किती गुळगुळीत त्याचा आकडा) १०० ऐवजी १२० धरू देतात. पण पडलेलं भोक नायट्रोजन बुजवत नाही, आणि विकणारा माणूस नेमकं एवढंच सांगायचं विसरतो.

पुरवठ्याकडे गळतंय की जाळीत?

सगळ्यात आधी जनरेटरकडून येणाऱ्या लाइनवरचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करा आणि घड्याळ लावा. लो एअरचा अलार्म वाजेल, म्हणून पॅनलवाल्याला आणि सुरक्षा केबिनला आधी कळवून ठेवा. व्हॉल्व्ह बंद केल्यावर दाब स्थिर राहिला तर गळती पुरवठ्याच्या बाजूला आहे: बहुतेक वेळा चेक व्हॉल्व्हमध्ये (वायूला एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या) कचरा अडकून वायू उलटा मशीनकडे जात असतो. दाब आधीसारखाच उतरत राहिला तर गळती जाळीत.

हे करताना ड्राय व्हॉल्व्हच्या बॉल ड्रिपला (झडपेतून झिरपलेलं बाहेर सोडणाऱ्या छोट्या तोटीला) बोट लावून पाहा. तिथे हवेची फुंकर किंवा पाण्याचा थेंब लागला तर झडपेचं सीट गळतंय. तसं असेल तर वर शिडी लावून कपलिंगं तपासत बसण्यात अर्थ नाही.

तळोज्यात दाब २ बारवरून १.६ वर यायला जेमतेम अर्धा तास लागला. जाळीचं आकारमान होतं अंदाजे २,००० लिटर. म्हणजे ०.४ गुणिले २,००० हे ८०० लिटर अर्ध्या तासात, मिनिटाला जवळपास २७ लिटर. जनरेटरची क्षमता मिनिटाला ३० लिटर. मशीन थांबेल कसं? जेवढं भरतं तेवढं गळतं. शुद्धता चढायला आतला जुना वायू बाहेर पडून नवा राहायला हवा. इथे नवा वायू वाटेतल्या भोकांतूनच पसार होत होता, टोकापर्यंत पोचतच नव्हता. मशीन बसवायच्या आधी कुणी हा अर्ध्या तासाचा खेळ केला असता तर चार महिने वाचले असते.

मापदंड हवा असेल तर तोही आहे. नव्या ड्राय सिस्टिमला एनएफपीए १३ नुसार ४० पीएसआय, म्हणजे साधारण २.८ बार, दाबावर २४ तास ठेवून दीड पीएसआयपेक्षा, म्हणजे ०.१ बारपेक्षा, जास्त घट चालत नाही. चालू सिस्टिमसाठी एनएफपीए २५ मध्ये, म्हणजे देखभालीच्या मानकात, दर ३ वर्षांनी गळतीची चाचणी आहे: ४० पीएसआयवर २ तासांत ३ पीएसआयपर्यंत घट माफ, किंवा नेहमीच्या दाबावर पुरवठा ४ तास बंद ठेवायचा आणि लो एअर अलार्म वाजायला नको. आमचा अर्ध्या तासात वाजला.

चाचणीसाठी ० ते १६ बारचा गेज वापरू नका. त्यावर ०.१ बार म्हणजे काट्याची जाडी. ० ते ४ बारचा मोठ्या तबकडीचा लावा. आणि तापमान लिहून ठेवा, ही माझी स्वतःची खाल्लेली ठेच. एका गोदामात आम्ही संध्याकाळी ५ ला २.८ बार भरून गेलो, पहाटे काटा खाली. फिटरनं पूर्ण दिवस शिडीवर घालवला, काही सापडलं नाही. पाइप सगळा पत्र्याखाली होता. रात्रीतून १० अंशांनी थंड झाला की नुसत्या त्यानंच दाब ०.१२ बारनं उतरतो. परवानगी ०.१ ची. दुपारी पत्रा तापल्यावर काटा आपोआप वर आला, तेव्हा आमची ट्यूब पेटली. चाचणी एका पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत घ्या.

भोकं शोधताना

डॉक आणि व्हॉल्व्ह रूममध्ये साबणाचा फेस पुरतो. चेंबरमध्ये नाही. उणे २० ला फेस लावता लावता गोठतो आणि सगळंच बंद असल्यासारखं दिसतं. तिथे अल्ट्रासॉनिक डिटेक्टर घ्या आणि तो वापरताना इव्हॅपोरेटरचे पंखे बंद करायला सांगा, नाहीतर सगळीकडेच सूं ऐकू येतं.

तळोज्यात सापडलेलं: लोडिंग डॉकवरच्या ड्रम ड्रिपचा (पाइपातलं उरलेलं पाणी जमा करून काढायच्या नळकांड्याचा) खालचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद, वर प्लगच नाही. चेंबरच्या भिंतीतून पाइप आत शिरतो तिथली दोन ग्रूव्ह्ड कपलिंगं गळत होती, कारण बाहेर ३५ अंश आणि आत उणे २० असा फरक रबरी गॅस्केट रोज सोसत होतं. चिरून पाहिलेला तो चार इंची तुकडा. तिसऱ्या चेंबरमध्ये एका कपलिंगची बारीक सुरसुर. ड्रम ड्रिपच्या एका चुकीनं निम्मी गळती होत होती, आणि ती दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली.

पाइप बदलताना उतार तपासून घ्या. फांद्यांना मीटरमागे ४ मिलिमीटर. पोट आलेला पाइप नवा टाकला तरी त्यात पाणी साठणारच.

बायपासचा व्हॉल्व्ह

हा महाप्यातला किस्सा, डेटा सेंटर, प्री-ॲक्शन. तिथे उलटी तक्रार होती: जनरेटर चालतच नाही, तास मोजणारा मीटर हलत नाही, आणि टोकाला शुद्धता ७९. ७९ म्हणजे साधी हवाच की!

रिकामी जाळी ३० मिनिटांत दाबावर आणायची असा नियम आहे, उणे १५ च्या खालच्या फ्रीझरला ६० मिनिटं. २,००० लिटरच्या जाळीला २ बारसाठी ४,००० लिटर लागतात. ३० लिटरच्या जनरेटरला ते सव्वादोन तासांचं काम. म्हणून कॉम्प्रेसरची हवा थेट आत सोडणारा बायपास ठेवतात. पहिल्यांदा भरताना तो उघडायचा, भरून झालं की बंद करायचा. महाप्यात तो पितळी बॉल व्हॉल्व्ह भिंतीच्या कोपऱ्यात होता, हँडल पाइपाला समांतर, म्हणजे सताड उघडा, आणि हँडलवर कुणाचा तरी रेनकोट टांगलेला. रेनकोटामुळे सात-आठ महिने कुणाला दिसलंच नाही.

यात शुद्धतेपेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. जनरेटरनंतरच्या एअर मेंटेनन्स डिव्हाइसमध्ये मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेलं असतं, म्हणजे एक स्प्रिंकलर उघडला तरी पुरवठा तेवढी भर घालू शकत नाही आणि दाब पडतो. बायपास उघडा राहिला तर कॉम्प्रेसर निसटणारी हवा भरून काढत बसतो, दाब उतरायला वेळ लागतो आणि पाणी उशिरा येतं. बंद करा, साखळी लावा, कुलूप घाला.

व्हेंट कुठे आहे?

तळोज्याकडे परत येतो. गळती काढल्यावर मशीन थांबायला लागलं, पण टोकाची शुद्धता ९४ च्या वर सरकेना. कारण हसू यावं असं होतं. आतला ऑक्सिजन बाहेर काढणारा स्वयंचलित व्हेंट जाळीच्या दूरच्या टोकाला बसवायचा असतो. बसवणाऱ्यानं तो व्हॉल्व्ह रूममध्येच, रायझरवर (व्हॉल्व्हमधून वर जाणाऱ्या उभ्या पाइपावर), जनरेटरच्या जोडणीपासून हातभर अंतरावर बसवला होता. चेंबरमधून पाइप नेण्याची कटकट वाचली! नायट्रोजन एका नळीतून आत, दुसऱ्या नळीतून बाहेर. पलीकडची दीडशे मीटर जाळी जुन्याच हवेवर.

व्हेंट टोकाला हलवला आणि जाळी एकदा रीतसर धुऊन घेतली. हिशेब सोपा आहे. पाइपात साधी हवा, ऑक्सिजन २१ टक्के. त्यात ९९ टक्क्यांचा नायट्रोजन २ बारपर्यंत भरला की ऑक्सिजन साधारण ७.७ वर येतो. दाब पूर्ण सोडून पुन्हा भरा, ३.२. तिसऱ्यांदा, १.७. झालं काम. दाब न सोडता नुसत्या व्हेंटच्या भरवशावर ठेवलं तर हेच व्हायला दोन आठवडे लागू शकतात, आणि चालू शीतगृहात तोच मार्ग बरा, कारण सिस्टिम बंद करावी लागत नाही.

दाब सोडणार असाल तर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आधी बंद करावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ इमारत उघडी. मालकाला लेखी कळवा, व्हॉल्व्हला टॅग लावा, वेल्डिंग-कटिंग बंद ठेवा. २४ तासांत १० तासांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर फायर वॉचला माणूस उभा करा. आणि निघताना व्हॉल्व्ह उघडलाय हे टॅग काढणाऱ्यानं स्वतः हातानं फिरवून बघावं. बंद राहिलेला व्हॉल्व्ह हा या धंद्यातला सर्वात जुना गुन्हा आहे.

आता ती खोली

इतका वेळ मशीनबद्दल बोललो. खरं तर मी तळोज्यात पहिल्या दिवशी कामाला हात लावला नाही, तो खोलीमुळे.

जिन्याखालची व्हॉल्व्ह रूम, तीन बाय तीन, उंची तीन मीटर. त्यात ड्राय व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर, जनरेटर आणि ऑपरेटर काकांची खाट. पावसाचं पाणी आत येतं म्हणून भिंतीतल्या लूव्हरला (हवेच्या झरोक्याला) मासळीच्या खोक्यांचं थर्माकोल ठोकलेलं. दाराखाली गोणपाट, उंदरांसाठी. काका म्हणाले, "इथं बरं वाटतं साहेब, पाऊस नाही, डास नाहीत."

नायट्रोजन विषारी नाही, आपण श्वासात ७८ टक्के तोच घेतो, म्हणून त्याचा धाक कुणाला वाटत नाही. पण तो ऑक्सिजनची जागा घेतो. गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड साठल्यानं होते. नायट्रोजनमध्ये उच्छ्वास नेहमीसारखा बाहेर पडत राहतो, त्यामुळे शरीर काही सांगतच नाही. वास नाही, ठसका नाही, माणूस उभ्याचा आडवा होतो. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डानं २००३ च्या बुलेटिनमध्ये १९९२ ते २००२ या काळातल्या अशा ८५ घटना मोजल्या: ८० मृत्यू, ५० जखमी. त्यातले कित्येक जण आत पडलेल्याला ओढायला गेलेले.

आपल्या खोलीचा हिशेब करू. खोली २७ घनमीटर. व्हेंटचा बारीक झोत एकटा फारसं काही करणार नाही. पण ट्रिप टेस्टनंतर (ड्राय व्हॉल्व्ह उघडून बघायच्या चाचणीनंतर) किंवा व्हॉल्व्ह रीसेट करताना जाळीतला वायू ड्रेनमधून याच खोलीत सोडला तर ४ घनमीटर नायट्रोजन आत येतो. दार-खिडकी बंद असेल तर ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास जातो. १९.५ च्या खाली हवा ऑक्सिजन-तुटीची धरतात. १८ हा खोलीचा सरासरी आकडा झाला. ड्रेनच्या तोंडाशी वाकून बसलेल्या फिटरच्या नाकाशी तो याहून बराच कमी असतो.

उलटा धोकाही आहे. जनरेटर नायट्रोजन पाइपात पाठवतो आणि उरलेला ऑक्सिजनयुक्त झोत बाहेर फेकतो. तो बंद खोलीत साठला, २३.५ टक्क्यांच्या वर गेला, आणि शेजारी तेलकट बोळे व पॅनलची ठिणगी असली की साधी आग भडका होते. आग विझवायच्या खोलीत!

त्यामुळे बसवताना माझ्या अटी ठरलेल्या आहेत. व्हेंट, ड्रेन, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि जनरेटरचा एक्झॉस्ट, चारही तोंडं पाइपानं इमारतीबाहेर, खिडकी आणि एसीच्या तोंडापासून लांब. लूव्हर उघडे, शक्य असेल तर पंखा. भिंतीवर कायमचा ऑक्सिजन मॉनिटर, नाकाच्या उंचीवर. एलपीजीसारखा जमिनीलगत लावू नका, नायट्रोजन हवेइतक्याच वजनाचा असतो. एक दिवा आणि हूटर दाराबाहेर, म्हणजे दार उघडायच्या आधी कळेल. दारावर मराठी आणि हिंदीत पाटी, कारण फिटर इंग्रजी पाटी वाचत नाही. आणि खाट बाहेर. या अटीवर मालक थोडा कुरकुरला. मी मीटर घेऊन ड्रेन उघडून दाखवला. ड्रेनच्या तोंडाशी मीटर काही सेकंदांत किंचाळायला लागला. खाट त्याच दुपारी हलली.

घाईत जाळी भरायला सिलिंडर आणणारे असतात. चालतं, पण त्यात १५० बार असतात आणि जाळीला २ हवेत. रेग्युलेटर आणि सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय होज जोडताना कुणी दिसला तर त्याला तिथेच थांबवा. आणि गळती शोधण्यासाठी ४० पीएसआयच्या वर हवा किंवा नायट्रोजन भरू नका. पाणी फुटलं तर भिजवतं, दाबलेला वायू फुटला तर पाइपाचा तुकडा फेकतो.

देखभालीत पावसाळ्यात एकच गोष्ट सतावते: ऑटो ड्रेन गाळानं तुंबतो, ओली हवा पुढे जाते आणि फिल्टरनंतरचं, नायट्रोजन वेगळा करणारं मेम्ब्रेन किंवा कार्बन सीव्ह खराब होतं. तेल गेलं तरी तेच. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला ऑटो ड्रेन हातानं सोडून बघा, फिल्टरची काच पुसा. नोंदवहीत तीन आकडे पुरतात: जाळीचा दाब, टोकाची शुद्धता, मशीनचे तास. तासांचा आकडा आठवड्यागणिक वाढायला लागला तर भोक पडलंय, अलार्म वाजायची वाट बघू नका. महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) द्यावाच लागतो, त्याच्या फाइलला ही वही जोडली तर तपासणीचं काम अर्धं होतं.

तळोज्यात सध्या टोकाला ९८.३ आहे आणि मशीन दिवसातून तीन-साडेतीन तास चालतं. तिसऱ्या चेंबरमधलं ते सुरसुरणारं कपलिंग अजून तसंच आहे. त्याच्याखाली चार थरांत सुरमई रचलेली आहे, मालक हलवायला तयार नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, चेंबर रिकामं होईल, तेव्हा गॅस्केट बदलायचं ठरलंय.